मेझाँ पिकासिएत

मेझाँ पिकासिएत हे फ्रान्समधील शार्त्र शहरातील एक घर असून ते फुटक्या चिनी मातीच्या भांड्यांच्या व काचेच्या तुकड्यांनी आतून-बाहेरून मढवलेले आहे. रेमाँ इझिदोर (१९००–१९६४) या कामगाराने ते उभारले व सजवले. कलाशिक्षण न घेतलेल्या व्यक्तींनी घडवलेल्या वास्तूंमध्ये त्याची गणना होते.

निर्मिती

इझिदोर यांनी १९३०च्या सुमारास कुटुंबासाठी हे छोटे घर स्वतः बांधले. पुढे ते शहरातील दफनभूमीत झाडलोटीचे काम करीत. १९३८च्या सुमारास शेतातून फिरताना त्यांना काचेचे व बश्यांचे चमकदार तुकडे दिसले. विशेष हेतू न ठेवता, केवळ रंग आवडल्यामुळे त्यांनी ते गोळा केले. बागेच्या कोपऱ्यात ढीग साचल्यावर ते भिंतीवर बसवण्याची कल्पना सुचली. प्रथम खोल्यांच्या भिंती, मग टेबल, शेगडी, इतकेच नव्हे तर शिवणयंत्रही तुकड्यांनी झाकले गेले. त्यानंतर अंगण, प्रार्थनागृह व बाग यांची पाळी आली. शार्त्रचे प्रसिद्ध कॅथेड्रल या कामात पुन्हा पुन्हा आढळते. या साऱ्यासाठी सुमारे २९,००० तास लागले, असे सांगितले जाते.

नाव

'पिक-आसिएत' म्हणजे दुसऱ्याच्या ताटातले खाणारा, फुकट्या. कचऱ्यातून बश्यांचे तुकडे वेचणाऱ्या इझिदोर यांना लोकांनी थट्टेने हे नाव दिले. त्यात चित्रकार पिकासोच्या नावावरील श्लेषही आहे. आज मात्र फुटक्या भांड्यांपासून मोझेक करण्याच्या पद्धतीलाच जगभर 'पिक-आसिएत' म्हणतात.

तंत्र

रोमन किंवा बायझंटाईन मोझेकमध्ये मुद्दाम कापलेले लहान, साधारण सारख्या आकाराचे तुकडे वापरतात. पिक-आसिएतमध्ये तुकड्यावरची मूळ नक्षी टिकवली जाते. बशीच्या काठावरची वेल फुलाची पाकळी होते, किटलीचा कान किंवा झाकणाची मूठ उठावासाठी येते. चकाकीचा थर पाणी शोषत नाही, परंतु साध्या मातीच्या भांड्याची फुटलेली कड सच्छिद्र असते. तिच्यात मुरलेले पाणी थंडीत गोठून तुकडा तडकतो, म्हणून कड सिमेंटमध्ये नीट बुजवावी लागते.

बार्सिलोनातील पार्क ग्वेलमध्ये आंतोनी गाउदी व सहकाऱ्यांनी (१९००–१९१४) फुटक्या फरश्यांचे असेच काम केले. चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंद यांनी फुटक्या कपबश्या व बांगड्यांच्या मूर्ती घडवल्या. भारतात गच्चीवर घातले जाणारे 'चायना मोझेक' हेही फरश्यांच्या तुकड्यांचेच असते, मात्र तेथे उद्देश ऊन व गळती रोखण्याचा असतो.

जतन

इझिदोर यांच्या मृत्यूनंतर १९८१ मध्ये शार्त्र नगरपालिकेने हे घर विकत घेतले आणि १९८३ मध्ये त्यास ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. ते आता शहराच्या ललितकला संग्रहालयाच्या अखत्यारीत असून लोकांना पाहण्यासाठी खुले आहे.