माती, बोली आणि विचार

रायपूरच्या सदर बाजारात, सराफांच्या पेढीवर आलेल्या एखाद्या शेतकऱ्यास जमिनीविषयी विचारावे. कन्हार, मटासी, डोरसा, भाठा असे शब्द तो सहज उच्चारील. काळी चिकण, पिवळट, दोहोंमधली आणि मुरमाड अशा या जमिनी. धान कोठे पिकेल, हे त्या नावांतच आले! परिसर भाषेला असे शब्द देतो. मात्र भाषा विचाराला कोंडीत नाही. १७५८ साली बिंबाजी भोसल्यांच्या राजवटीबरोबर मराठी छत्तीसगढात स्थिरावली. पुढे मराठी घरात जन्मलेल्या माधवराव सप्रे यांनीच १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. श्रोतेहो, विचार भाषांतराने तरतो. बोली लोपली, तर मातीची ही पारख मात्र तिच्याबरोबर लोपते.