युसेबिओ आणि त्याचें पोर्तुगाल

लिस्बनच्या राष्ट्रीय समाधिमंदिरांत वास्को द गामाचें स्मारक आहे. २०१५ सालीं त्याच मंदिरांत एका फुटबॉलपटूच्या अस्थि नेऊन ठेवण्यांत आल्या. हा युसेबिओ १९४२ सालीं मोझांबिकांत जन्मला. माफालाला या लांकूड-पत्र्याच्या घरांच्या वस्तींत तो वाढला. बाप लवकर वारला. चिंध्यांचा चेंडू आणि अनवाणी पाय एवढेंच त्याचें भांडवल. १९६० च्या अखेरीस तो लिस्बनच्या बेन्फिका संघांत दाखल झाला, आणि १९६५ सालीं युरोपांतील सर्वोत्तम खेळाडू ठरला.

१९६६ च्या विश्वचषकांत उत्तर कोरियानें पंचवीस मिनिटांतच पोर्तुगालवर तीन गोल चढविले. पुढचे चार गोल एकट्या युसेबिओचे! पोर्तुगालनें तो सामना ५-३ असा जिंकला.

आम्हांस येथें क्षणभर थांबावेंसें वाटतें. मोझांबिक ही वसाहत नव्हे, समुद्रापलीकडचा प्रांत होय, असें सालाझारचें सरकार म्हणे. गोमंतकीयांनाहि १९६१ पर्यंत हीच भाषा ऐकावी लागली. अशा सरकारास युसेबिओ म्हणजे धांवता-बोलता पुरावाच! परंतु मोझांबिकांत १९६४ पासूनच त्याच सरकाराविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पेटलें होतें. उपान्त्य सामना हरून ढसढसा रडणाऱ्या त्या तरुणास याचा जाब विचारणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

त्या संघाचा कप्तान मारियो कोलुना हाहि मोझांबिकचाच. १९७५ सालीं देश स्वतंत्र झाल्यावर तो मायदेशीं परतला, तेथील फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष झाला. युसेबिओ २०१४ सालीं लिस्बनांतच वारला.