न उरणारा दिवा

पर्यावरणस्नेही दिवाळीचा विषय निघाला की पहिला मान मातीच्या पणतीला मिळतो. तो तिला द्यावा का, हे आधी तपासायला हवे. माती साधारण ६०० अंशांपुढे भाजली की तिच्या कणांत बांधलेले पाणी कायमचे निघून जाते. मग कितीही भिजवा, तिचा पुन्हा चिखल होत नाही. म्हणून तर अमरावती जिल्ह्यात वर्धाकाठच्या कौंडण्यपूरला १९६०च्या दशकात मो. गं. दीक्षितांनी उत्खनन केले, तेव्हा जुन्या वस्तीची साक्ष द्यायला खापरे हजर होती. कुजणाऱ्या वस्तूंनी केव्हाच रजा घेतली होती. पणती निरुपद्रवी आहे, प्लॅस्टिकहून कितीतरी बरी आहे, पण खत होणे हा तिचा धर्म नव्हे. अलीकडे बाजारात आलेल्या शेणाच्या गोमय दिव्याला लोक पणतीचीच धाकटी बहीण समजतात. माझे म्हणणे असे की, त्याने पणतीचा आकार तेवढा घेतला, कूळ घेतले नाही. त्याची आई आहे कणकेचा दिवा आणि बाप आहे होळीची चाकोली.

आधी आईकडचे पाहू. आषाढी अमावस्येला घरातले दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात आणि त्यांच्यासोबत कणकेचे दिवे करतात. गुळाच्या पाण्यात घट्ट भिजवलेल्या कणकेचा गोळा करायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा आणि दिवे वाफवायचे. वाफेने पिठातला स्टार्च फुगतो, एकजीव होतो, आणि खळग्यातले तूप चटकन झिरपत नाही. म्हणजे भट्टी न लावता घडवलेले हे भांडेच, आणि वात विझल्यावर ते पोटात जाते. हा दिवा आला कुठून? एक मत असे की, पशुबळीच्या जागी पिठाचा पशू आला, त्याच रांगेतला हा पिठाचा दिवा. मला ते पटत नाही. पिष्टपशूला पशूचा आकार लागतो आणि त्याला बळी जावे लागते. इथे ना आकार, ना वध. दुसरे मत गरिबीचे, की पणती परवडेना म्हणून कणीक. पण गूळ-तूप घालून केलेला दिवा पणतीहून स्वस्त पडेल कसा?

माझा कल पावसाकडे आहे. आषाढात कुंभाराचे काम मंदावते, कारण ओली भांडी वाळत नाहीत आणि उघड्यावरचा आवा पेटत नाही. त्यात वऱ्हाडची काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. राख, लीद, वाळू मिसळल्याशिवाय ती भांड्याला साथ देत नाही. ज्या जमिनीत वातीचा कापूस पिकतो, तीच जमीन पणतीला कुरकुरते. यावर कोणी म्हणेल की पोळ्याचे मातीचे बैल तर ऐन पावसाळ्यात होतात. होतात, पण ते बहुधा कच्चेच असतात, आणि कच्च्या मातीचा दिवा तेल पिऊन टाकतो. याहून जड आक्षेप दोन आहेत. धनत्रयोदशीचा यमदीपही कणकेचा असतो, आणि तेव्हा तर बाजार पणत्यांनी भरलेला असतो. शिवाय तमिळ घरांत तांदळाचे पीठ आणि गुळाचा ‘माविळक्कु’ देवापुढे लावतात; तिथे ना आपला आषाढी पाऊस, ना वऱ्हाडची माती. या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट मात्र सारखी आहे: तो दिवा पुन्हा फळीवर ठेवायचा नसतो. यमाचा देऊन टाकायचा, देवाचा प्रसाद म्हणून खायचा. तेव्हा आषाढातच का, याचे उत्तर पाऊस देतो. कणीकच का, याचे उत्तर वस्तूने उरू नये या इच्छेत आहे. कुजणे हा या दिव्याचा योगायोगाने आलेला गुण नाही, तो त्याचा हेतू आहे.

आता बापाकडचे. फाल्गुनात विदर्भात शेणाच्या चपट्या चकत्या थापतात, मधोमध बोटाने भोक पाडतात, उन्हात वाळवून सुतळीत ओवतात आणि ती माळ होळीला वाहतात. या चाकोल्या. शेणात न पचलेल्या गवताचे तंतू असतात. तेच वाळताना चकतीला धरून ठेवतात. भोकाऐवजी खळगा पाडला की दिवा तयार. कणकेपासून शेणापर्यंतची मधली पायरी मी अनुमानानेच भरतो, पण खळगा पाडणारा अंगठा आणि चाकोली थापणारा तळवा एकाच बाईचे असताना ती पायरी फार उंच नसणार. राष्ट्रीय कामधेनू आयोगाने २०२० च्या दिवाळीसाठी ३३ कोटी गोमय दिव्यांचे लक्ष्य जाहीर केले, म्हणून कोणी याला सरकारी मोहिमेचे अपत्य म्हणेल. मोहिमेने साचा दिला, गिऱ्हाईक दिले; शेण वळण्याचे आणि वाळवण्याचे ज्ञान गोठ्यात आधीच होते. दुसरा आक्षेप असा की तेल संपले की हा दिवा स्वतःच पेटतो. खरे आहे, म्हणून तो ताटलीत किंवा वाळूवर ठेवावा. पण हा दोषच त्याचा जन्मदाखला आहे: पणती ज्योतीला पुरून उरते, चाकोली मात्र जळण्यासाठीच जन्मते.

बाकीचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. जवस-तिळाच्या तेलानंतर रॉकेलची चिमणी आली, मग वीज. आणि अमरावतीचा कापूस ‘उमरा’ नावाने लिव्हरपूलच्या बाजारात गेला तरी वातीपुरता घरी राहिला. विजेच्या दिव्यालाही कुजणारे कवच मिळू शकते. धारणी तालुक्यातल्या लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्रातून मेळघाटच्या कारागिरांनी बांबू घरोघर पोहोचवला आहे. बांबूच्या कामट्यांचा कंदीलही याच गोतातला, फक्त आतला बल्ब आणि वायर परक्या घरची.

कूळ ठरले की पारख सोपी होते. शेणाच्या दिव्याला ऑइलपेंट फासून आत पॅराफिनचे मेण ओतले, तर ते खनिज तेलाचेच अपत्य, शेण नावापुरते. उलट जवसाचे तेल, कापसाची वात आणि रंग न लावलेले शेण किंवा कणीक असेल, तर तो याच घराण्यातला. दिवा घेताना तो किती सुंदर दिसतो याआधी विचारावे, विझल्यावर तो गायीच्या गव्हाणीत जाईल, उकिरड्यावर जाईल की नगरपालिकेच्या कचरागाडीत.