मध्यंतराचा भाव

बास्केटबॉलच्या सामन्यात शेवटी कोण जिंकेल यावर पैसे लावणारे असतात, हे कुणालाही समजतं. पण मध्यंतरापर्यंत कोण पुढे असेल, यावर वेगळा सट्टा कशाला? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे हा प्रश्न मी आधी गणित म्हणून सोडवायला घेतला.

समजा, एक संघ सरासरी 6 गुणांनी सरस आहे आणि निकालातला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, 12 गुणांचं आहे. तो सामना जिंकण्याची शक्यता साधारण 69 टक्के. मध्यंतरापर्यंत त्याची आघाडी निम्मी, म्हणजे 3 गुणांची धरू. नशीब मात्र निम्मं होत नाही. वर्गमूळाच्या हिशेबाने चढउतार 8.5 गुणांचा उरतो. बरोबरी सोडली, तर तो पुढे असण्याची शक्यता 64 टक्क्यांवर येते. तुकडा जितका लहान, तितकं नशीब मोठं.

गणित इथे संपतं. तुकडे करायची ही कल्पना आली कुठून, ते इतिहासात बघावं लागतं.

बलाढ्य संघ दुबळ्या संघाशी खेळत असेल, तर पैज लावण्यात मजा काय? यावरचा तोडगा म्हणजे 'पॉइंट स्प्रेड'. 1940च्या दशकातल्या या युक्तीचं श्रेय शिकागोच्या चार्ल्स मॅकनील यांना दिलं जातं. ते गणिताचे शिक्षक होते. आता प्रश्न कोण जिंकेल हा राहिला नाही, किती गुणांनी जिंकेल हा झाला. बुकींचा धंदा वाढला, आणि खेळाडूसाठी एक चोरवाट उघडली: सामना जिंकायचा, फक्त थोड्या कमी गुणांनी. हरल्याची बोचणी नाही आणि खिशात पैसे.

जानेवारी 1951 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन कॉलेजचा खेळाडू ज्युनियस केलॉग याला याच कामासाठी 1,000 डॉलर देऊ केले गेले. त्याने ते सरळ प्रशिक्षकाला सांगितलं. तपास सुरू झाला आणि महिनाभरात न्यूयॉर्क सिटी कॉलेजच्या खेळाडूंना अटक झाली. आदल्याच वर्षी या संघाने एनआयटी आणि एनसीएए या दोन्ही स्पर्धा जिंकल्या होत्या. शेवटी 7 कॉलेजांचे 32 खेळाडू यात अडकले.

बाजार मात्र तुकडे करतच राहिला. अर्ध्या सामन्याचे वेगळे भाव निघू लागले. दोन्ही अर्धांतले एकूण गुण सारखेच धरण्याची बुकींची सवय कॅनडाच्या बॉब वुल्गारिस याने हेरली. सामन्याच्या शेवटी मुद्दाम फाऊल होतात, फ्री थ्रो वाढतात, म्हणून उत्तरार्धात गुण जास्त होतात. त्याने या फरकावर बक्कळ कमावलं. मग बुकी शहाणे झाले.

2018 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1992चा सट्टाबंदीचा संघीय कायदा रद्द केला आणि हा सगळा बाजार कायदेशीररीत्या मोबाईलवर आला. आता एकेका खेळाडूच्या गुणांवरही पैज लागते. एप्रिल 2024 मध्ये एनबीएने जॉन्टे पोर्टरवर आजन्म बंदी घातली. तब्येतीचं कारण देऊन तो सामना अर्धवट सोडायचा, म्हणजे त्याचे गुण कमी भरतील यावर लावलेले पैसे जिंकायचे.

पूर्ण सामना विकायला अनेक जण फोडावे लागतात. एका खेळाडूचे आकडे विकायला तो एकटा पुरतो. मध्यंतराचा अंदाज बांधणारं कुठलंही मॉडेल असं धरून चालतं, की मैदानावरचे दहाही जण मनापासून खेळताहेत. ही अट डेटात दिसत नाही. ती 1951 मध्ये केलॉगने पाळली, 1,000 डॉलर समोर असताना.