फर्मान, पेढी आणि महाजन : सतराव्या शतकातील सुरत

१५७३ मध्ये अकबराने सुरत जिंकली आणि तापीतीरावरील हे बंदर मोगल साम्राज्याचे सागरद्वार ठरले. हजयात्रेकरूंची जहाजे येथूनच सुटत. अरब, इराणी, आर्मेनियन व्यापारी येथे नांदत होतेच. सतराव्या शतकाच्या आरंभी त्यांत इंग्रज व डच यांची भर पडली.

१६१२ मध्ये सुवाळीच्या समुद्रात पोर्तुगीजांचा पराभव केल्यावर इंग्रजांना वखारीची परवानगी मिळाली. तथापि त्यांना हवा होता दोन राजांमधील बरोबरीचा तह. त्यासाठी सर टॉमस रो हा वकील १६१५ पासून तीन वर्षे जहांगीराच्या दरबारी तिष्ठत राहिला. हाती आले ते केवळ फर्मान! फर्मान म्हणजे बादशहाची कृपा. ती दिली जाते, तशीच काढूनही घेतली जाते.

शिवाय फर्मानाने बंदरात पाय ठेवता येई, माल मिळत नसे. त्यासाठी रोकड लागे आणि ती होती येथील श्रेष्ठींच्या पेढ्यांवर. लोंकागच्छाचे श्रावक वीरजी व्होरा हे त्यांतील अग्रणी. आग्रा, बुऱ्हाणपूर, कालिकत येथे त्यांचे आडते होते. इंग्रज वखार त्यांच्याकडून वारंवार कर्ज काढी. १६२५ च्या सुमारास स्वस्त मिरीच्या शोधात इंग्रजांनी आपली माणसे दक्षिणेत धाडली, तेव्हा व्होरांच्या आडत्यांनी चढा भाव देऊन तेथील मिरी आधीच उचलली. कंपनीचे अधिकारी त्यांच्यावर चरफडत आणि पुन्हा त्यांच्याच दारी जात.

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी मोगलांच्या या आर्थिक मर्मावर घाव घातला. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. नगराला वाली उरला नाही आणि व्होरांची हवेलीही त्या धामधुमीत लुटली गेली. राज्यकर्त्याने रक्षणाचे कर्तव्य सोडल्याची किंमत रयतेने मोजली, हे मान्य करावेच लागेल.

महाजनांचे खरे सामर्थ्य प्रकटले ते १६६९ मध्ये. काझीच्या धर्मांतराच्या सक्तीस कंटाळून सप्टेंबरात सुमारे ८००० वणिक, बायकामुले मागे ठेवून, भडोचेस निघून गेले. शस्त्र नाही, दंगा नाही. केवळ दुकाने बंद. बाजार ओस पडला, जकात आटली. मुंबईस यावे काय, अशी विचारणा त्यांनी केली असता, इंग्रज अध्यक्ष जेराल्ड आँजियर याने बादशहाच्या रोषास भिऊन तूर्त अहमदाबादेस जाण्याचा सल्ला दिला. अखेर औरंगजेबाकडून अभयाचे आश्वासन मिळाल्यावर डिसेंबरात ते परतले.

पुढे व्यापारी मुंबईस यावेत म्हणून कंपनीच उत्सुक झाली. १६७७ मध्ये दीवचे वणिक नीमा पारेख यांनी तेथे येण्यापूर्वी आपली कलमे लेखी मागितली : धर्माचरणास अडथळा नसावा, मृतांचे दहन आपल्या रीतीने करता यावे, सक्तीने धर्मांतर होऊ नये, आणि आपल्या वाड्याच्या आवारात कोणी जीवहत्या करू नये. सुरतेच्या इंग्रज कौन्सिलाने ती मान्य केली.