घासलेट : पोटाचे विष की फुप्फुसाचे?

१/६
१९०७ साली नेरळहून माथेरानची छोटी रेल्वे सुरू झाली. तिचे इंजिन कोळशावर चाले; डोंगरपायथ्याच्या वाड्या-पाड्यांतील रात्र मात्र पुढे कित्येक दशके घासलेटच्या चिमणीवर निघे. हे घासलेट अनेकदा साध्या बाटलीत, मुलाच्या हाताला लागेल असे ठेवलेले असे.

२/६
तहानलेल्या मुलाने चुकून घोट घेतला, की मिठाचे पाणी पाजून उलटी करवीत. विष पोटात गेले तर ते बाहेर काढावे, हा तर्क सरळ होता. तरीही अशा मुलांना धाप लागे, ताप चढे. क्ष-किरण चित्रात फुप्फुसे डागाळलेली दिसत. गिळलेले तेल तिथे पोहोचे कसे : रक्तावाटे की श्वासावाटे?

३/६
उत्तर प्रयोगशाळेतील प्राण्यांनी दिले. अमेरिकेत होरेस गेरार्ड यांनी १९५९ व १९६३ मध्ये केरोसीन आणि तत्सम हायड्रोकार्बनांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. उंदरांच्या पोटात थेट सोडलेले केरोसीन मोठ्या मात्रेतही बरेचसे सोसले जाई. मात्र बेशुद्ध उंदराच्या तोंडातील जेमतेम ०.२ मिलिलीटर द्रव श्वासाबरोबर आत गेला, तर तो प्राणघातक ठरू शके.

४/६
१९७० च्या दशकात आफ्रिकेत वोल्फ्सडॉर्फ व सहकाऱ्यांनी माकडवर्गीय प्राण्यांवर हाच प्रश्न तपासला. निष्कर्ष तोच निघाला : फुप्फुसदाहाचे मुख्य कारण रक्तात शोषलेले तेल नसून श्वासनलिकेत उतरलेले तेल होय.

५/६
केरोसीन पातळ असते आणि त्याचा पृष्ठताण कमी असतो. त्यामुळे थोडेसे तेलही फुप्फुसात झपाट्याने पसरते, वायुकोशांना उघडे ठेवणारा स्निग्ध थर बिघडवते आणि ते मिटू लागतात. उलटी करवणे म्हणजे त्याच तेलाला घशातून दुसऱ्यांदा नेऊन श्वासनलिकेत शिरण्याची आणखी एक संधी देणे. मायेने पाजलेले मिठाचे पाणीच घातक ठरू शके, ते यामुळे. म्हणून आजचा नियम स्पष्ट आहे : उलटी करवू नये, मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

६/६
भारतात प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समितीही त्यातूनच आली. आज जागतिक वर्गीकरणात हायड्रोकार्बनांचा हा धोका ठरवताना मुख्यतः द्रवाची श्यानता मोजतात : ४० अंश सेल्सिअसला ती २०.५ चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद वा त्याहून कमी असेल, तर द्रव धोकादायक. ज्या प्रश्नासाठी उंदरांचा श्वास कोंडला गेला, त्याचे उत्तर आता काचेच्या नळीतून वाहणारे तेल देते.