सरकारी दवाखाना कोणाच्या हाती? जिल्ह्यातील रुग्णालयांचा कारभार आणि आपली देखरेख

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बाळे दगावली. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून २४ तासांत २४ मृत्यूंची बातमी आली. त्यांत १२ नवजात बालके होती.

तिन्ही रुग्णालये सरकारीच. पण भंडाऱ्याचे सार्वजनिक आरोग्य विभागाचे, कळव्याचे ठाणे महानगरपालिकेचे आणि नांदेडचे वैद्यकीय शिक्षण विभागाचे. लोकांच्या तोंडी मात्र तिन्ही ‘सरकारी दवाखाना’. इथेच आपली बरीच निवेदने वाया जातात. कागद चुकीच्या टेबलावर जातो आणि ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर मिळते. वस्तीतला माणूस खासगी रुग्णालयाचे बिल भरू शकत नाही, म्हणून कोणते दार कोणाचे हे आपल्याला पाठ हवे.

जिल्ह्यात कोण काय चालवतो?

• उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख: जिल्हा आरोग्य अधिकारी.

• ग्रामीण रुग्णालये, उपजिल्हा रुग्णालये, स्त्री रुग्णालये आणि जिल्हा रुग्णालय हा गट जिल्हा शल्यचिकित्सकांच्या, म्हणजे सिव्हिल सर्जनच्या अखत्यारीत येतो. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयाचा रोजचा कारभार वैद्यकीय अधीक्षक पाहतात.

• वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचे प्रमुख अधिष्ठाता (डीन). अनेक जिल्ह्यांत महाविद्यालय सुरू झाल्यावर जुने ‘सिव्हिल’ त्याला जोडले गेले. पाटी बदलली की जबाबदार अधिकारीही बदलला, हे ध्यानात ठेवा.

• शहरातील महापालिका रुग्णालयांची अंतिम जबाबदारी महापालिका आयुक्तांची.

सार्वजनिक आरोग्य विभागात जिल्ह्याच्या वर आरोग्य सेवा उपसंचालकांचे मंडळ कार्यालय असते. अशी ८ मंडळे आहेत आणि एका मंडळात अनेक जिल्हे येतात. जिल्ह्यात दाद लागली नाही तर पुढची पायरी हीच. थेट मंत्रालयात धाव घेण्याआधी ही पायरी कागदावर चढलेली असावी.

या फरकाचा परिणाम खिशावरही होतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क करण्यात आले. तो निर्णय या विभागाच्या संस्थांसाठी होता; वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालये त्यात नव्हती.

देखरेख कुठे होते?

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले आणि त्यातून रुग्णालयांमध्ये रुग्ण कल्याण समित्या उभ्या राहिल्या. लोकप्रतिनिधी, अधिकारी आणि स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी त्यात बसतात. रुग्णांच्या सोयी, किरकोळ दुरुस्ती, तातडीची औषधे अशा खर्चाचे निर्णय तिथे होतात. बैठक झाली का, पैसा कशावर गेला, हे विचारणारे कोणी नसेल तर समिती फक्त सह्यांपुरती उरते.

दुसरा मार्ग लोकाधारित देखरेखीचा. महाराष्ट्रात २००७ पासून पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या समन्वयाने काही जिल्ह्यांत हे काम झाले. गावकऱ्यांनी आरोग्य केंद्रांची प्रगतिपुस्तके भरली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ती वाचून दाखवली. डॉक्टर हजर नसणे, बाहेरून औषधे आणायला लावणे, पैसे मागणे या गोष्टी चारचौघांत मांडल्या गेल्या आणि अधिकाऱ्यांना तिथेच उत्तर द्यावे लागले.

कायद्याचा आधारही पक्का आहे. संविधानाच्या अनुच्छेद ४७ नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले की सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. खाटा नाहीत, ही सबब तिथे टिकली नाही.

देखरेख म्हणजे अपमान नव्हे

नांदेडच्या मृत्यूंनंतर एका खासदारांनी आदिवासी समाजातील प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. त्यांच्यावर अ‍ॅट्रॉसिटी कायद्यानुसार गुन्हा नोंदवला गेला. सफाई ज्या समाजांवर जातीने लादली गेली, त्यांना त्या दृश्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शिवाय त्याने औषधे आली नाहीत की परिचारिकांची पदे भरली नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा सरकारला रिक्त पदे, औषध खरेदी आणि निधी यांवर उत्तर द्यावे लागले. प्रश्न पदांचा आणि पैशांचा विचारायचा, तोही लेखी.

तरुणांनी काय करावे?

माहिती अधिकाराचा एक अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, म्हणून विषय वेगळे करा:

१. मंजूर, भरलेली आणि रिक्त पदे, संवर्गनिहाय.
२. रुग्ण कल्याण समितीचे सदस्य, वर्षभराची इतिवृत्ते आणि खर्च.
३. अत्यावश्यक औषधांचा साठा; कोणते औषध किती दिवस नव्हते.
४. अग्निसुरक्षा तपासणीचा शेवटचा अहवाल आणि त्यावर झालेली कार्यवाही.
५. कंत्राटी सफाई कामगारांची संख्या, दिले गेलेले वेतन आणि भविष्यनिर्वाह निधीचा भरणा.

पाचवा अर्ज विसरू नका. झाडू हातात घेतलेली माणसे बहुतेक आपल्याच वस्त्यांतली असतात.

उत्तर आले की ते विहाराच्या फलकावर लावा. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास त्यावर बोला आणि पुढच्या समिती बैठकीआधी सदस्यांना लेखी प्रश्न द्या. भंडाऱ्याची चौकशी आग लागल्यावर झाली; आपल्या तालुक्याचा अग्निसुरक्षा अहवाल आजच मागता येतो.